उष्टे दूध

एकदा एका वृद्ध वैद्याने भरल्या घरात असे एक औषध सांगितले, की ते ऐकून घरातली माणसे तर संतापलीच, पण त्याचा स्वतःचा शिष्यही लाजेने मान खाली घालून बसला. त्या औषधाला ना मुळी लागत होती, ना खलबत्ता. लागत होते ते थोडे धैर्य, आणि तेच त्या घरात मिळणे कठीण होते.

हा वैद्य नदीकाठच्या एका पेठेच्या गावात राहत असे. त्याचे गुडघे धरले होते, म्हणून हिंडण्याफिरण्याची कामे त्याने हळूहळू आपल्या शिष्यावर सोपवली होती. शिष्याचे नाव जनार्दन. बुद्धी तल्लख, पाठांतर चोख, नाडीवर बोट टेकते न टेकते तोच निदान जिभेवर. लोक म्हणत, गुरूच्या हाताला गुण आहे, पण शास्त्र खरे शिष्याच्या जिभेवर आहे. हे बोलणे जनार्दनाच्या कानावर आले होते आणि त्याला ते आवडलेही होते.

त्याच गावात कापडाचा एक मोठा व्यापारी होता. त्याची सून पहिल्याच बाळंतपणात तापाने गेली. मागे एक मुलगा राहिला. बायको गेल्याच्या दुःखाने व्यापाऱ्याचा मुलगा असा खचला की तो दुकानात बसेना, बाळाकडेही पाहीना. तेव्हा घराचा सारा जीव त्या एवढ्याशा बाळात गोळा झाला. त्याला पाजायला व्यापाऱ्याने आपल्या गाडीवानाची बायको ठकू हिला घरात आणून ठेवले. ठकूला भिवा नावाचा स्वतःचा मुलगा होता, नुकता रांगू लागलेला, अजून अंगावर पिणारा. दूध तिला भरपूर होते. दोन लेकरे सहज पोसली जातील इतके.

पण बाळ अंग धरीना. सारखे प्यायचे, सारखे रडायचे. पोट फुगायचे, शी हिरवी आणि फेसाळ व्हायची. हातापायांच्या काड्या झाल्या, आणि डोळे चेहऱ्यापेक्षा मोठे दिसू लागले. इकडे भिवा मात्र अंगणात लोण्याच्या गोळ्यासारखा लोळत असे. घरातल्या माणसांची नजर एकदा पाळण्याकडे आणि एकदा अंगणाकडे जाऊ लागली. अशा नजरेला पुढे शब्द फुटतात, ते फुटलेच.

व्यापाऱ्याचे बोलावणे आले तेव्हा जनार्दन एकटाच गेला. व्यापाऱ्याची मोठी बहीण, जिला सारे घर आत्याबाई म्हणे, ती पाळण्यापाशी बसली होती. लहान वयात वैधव्य आले, तेव्हापासून ती भावाचा संसार सांभाळत आली होती. या बाळासाठी तिने केलेल्या उपासांची गणती नव्हती.

जनार्दनाने बाळाला पाहिले, पोट चाचपले, जीभ पाहिली. मग ठकूला समोर बोलावले. ती पदर सावरत दाराशी उभी राहिली. अंगाने भरलेली, निरोगी बाई. तिच्या कडेवर भिवा होता आणि त्याच्या गालाला खळ्या पडत होत्या.

"दूध येते का भरपूर?" जनार्दनाने विचारले.

"येतंय की महाराज. दोघान्ला पुरून उरंल एवढं."

जनार्दन हसला. "पुरते आहे, पण एकालाच." आणि व्यापाऱ्याकडे वळून तो म्हणाला, "शेठजी, रोग बाळाच्या पोटात नाही. एका धात्रीच्या अंगावर दोन मुले. एक वाळते आहे, दुसरे फुगते आहे. याचा अर्थ काय, हे सांगायला शास्त्र कशाला हवे?"

आत्याबाईंनी मांडीवर हात मारला. "मी म्हणतच होते! नावच ठकू, ठकवल्याशिवाय राहील कशी? आमच्या बाळाला वरवर दाखवायला घेते आणि सगळं राखून ठेवते आपल्या कार्ट्याला."

"न्हाई वो आत्याबाई," ठकूचा आवाज चिरकला. "दूध काय गाडग्यात हाय व्हय, राखून ठेवाया? आधी बाळराजाला देते. तुमच्या डोळ्यांम्होरं देते. त्याचं झाल्याबिगर भिवाला शिवू बी देत न्हाई."

पण संशयाला एकदा वैद्याचा आधार मिळाला, की मग त्याला कोण आवरणार? व्यापारी स्वभावाने दुष्ट नव्हता. सुनेची चिता पाहिलेला माणूस होता तो, आणि आता नातवाचीही पाहावी लागेल या भीतीने त्याचे मन करपून गेले होते. त्याने गाडीवानाला हाक मारली आणि सांगितले, "परवा सकाळी तुझ्या पोराला त्याच्या आजोळी नेऊन सोड. माझ्या नातवाचे बरे होईपर्यंत तो तिथेच राहील."

गाडीवान मान हलवून गोठ्याकडे वळला. ठकू खाली बसली आणि तिने भिवाला इतके घट्ट धरले की ते पोर रडू लागले.

जनार्दन घरी परतला तेव्हा वैद्य ओसरीवर हिरडे वाळत घालत होता. जनार्दनाने सारी हकीकत सांगितली, आणि सांगताना त्याच्या आवाजात निदान झटकन केल्याचे समाधान होते.

वैद्याने हिरडे पसरता पसरता विचारले, "बाळाची दुपटी वरचेवर ओली होतात का रे?"

"हो. आत्याबाई म्हणत होत्या, वाळवायला दोऱ्या पुरत नाहीत."

"मग त्याच्या पोटात दूध जात नाही, हे तू कशावरून म्हणालास?"

जनार्दन पायाशी पडलेला एक हिरडा उचलून बोटांत फिरवू लागला.

"अंगावरून बाळ कोण काढते? ते स्वतः सोडते, की कोणी उचलते?"

"ते... विचारले नाही, गुरुजी."

वैद्याने हात झटकले. "एका आईपासून लेकरू तोडण्याचे कारण तू देऊन आलास, आणि एवढेही विचारले नाहीस?" तो रागावला नव्हता. आवाजही चढला नव्हता. म्हणूनच ते वाक्य जनार्दनाला फार लागले. "उद्या मला त्या घरी घेऊन चल."

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याची गाडी आली. गाडीवान तोच, ठकूचा नवरा. सबंध वाटेत तो बैलांशीसुद्धा बोलला नाही. जनार्दन त्याच्या पाठीकडे पाहत बसला होता आणि त्याला ती वाट फार लांब वाटली.

वैद्याने घरात पाऊल टाकल्यावर आधी पाणी मागितले, मग बाळ मांडीवर घेतले. बराच वेळ नुसताच पाहत राहिला. शेवटी आत्याबाईंना म्हणाला, "बाई, या लेकरासाठी तुम्ही जिवाचे रान केले आहे, हे दिसतेच आहे. मला एवढेच सांगा, याला पाजण्याची तुमची रीत काय?"

आत्याबाईंना हा प्रश्न आवडला. त्या पुढे सरकल्या. "रीत मीच घालून दिली आहे. देवाला जसा पहिला नैवेद्य, तसं दोन्हीकडचं पहिलं दूध आमच्या बाळाला. एका बाजूला थोडा प्याला, की लगेच दुसऱ्या बाजूला लावायचा. तिकडेही थोडा प्याला, जरा डोळा लागला, की मी उचलून घेते. फार वेळ ठेवला तर तिचं शिळं दूध पोटात जाईल. मग तळाशी जे काही उरतं, ते तिच्या पोराला. उरलंसुरलं, उष्टं. त्याला तरी दुसरं काय लागतं?"

"आणि हे पहिल्यापासून असेच?"

"अगदी पहिल्यापासून. त्यात तिचं दूध जुनं. तिचं पोर रांगतं आहे. जुन्या दुधात सत्त्व कुठून असणार? म्हणून तर निदान पहिलं तरी आमच्या बाळाला."

वैद्याने डोळे मिटले. व्यापारी, आत्याबाई, दाराआड ठकू, सारे त्याच्या तोंडाकडे पाहत होते. जनार्दनाला वाटले, आता गुरुजी शतावरी सांगतील, किंवा ठकूच्या आहारात तूप वाढवायला सांगतील.

वैद्य म्हणाला, "आजपासून क्रम उलटा करा. आधी भिवाला पाजायचे, दोन्हीकडे थोडे थोडे. मग बाळाला घ्यायचे. आणि ते आपण होऊन तोंड काढीपर्यंत कोणी त्याला हात लावायचा नाही, डोळा लागला तरीही नाही."

क्षणभर कोणाला काही कळलेच नाही. कळले तेव्हा व्यापारी ताडकन उठला.

"वैद्यराज, तुमच्या वयाचा मान राखून विचारतो. माझ्या नातवाने माझ्याच गाडीवानाच्या पोराचे उष्टे प्यायचे?"

"होय."

"गावात तोंड दाखवायला जागा राहील मला?"

"ते मी सांगू शकत नाही, शेठजी. मी वैद्य आहे. बाळाचे काय होईल, तेवढे सांगू शकतो."

इतका वेळ दाराआड उभी असलेली ठकू बाहेर आली आणि तिने हात जोडले. तिचे डोळे भीतीने विस्फारले होते. "नको वो बाबा. आसलं काय बी सांगू नका. धन्याच्या आधी माझं प्वार? लोक म्हनतील, हिनं करणी केली. माझ्या लेकराला पाप लागंल."

"पोरी," वैद्य म्हणाला, "भुकेल्या लेकराला पाजण्यात पाप असते, तर देवाने दूध दिलेच नसते."

जनार्दनाची मान खाली गेली होती. गुरूचे वय झाले आहे, असा विचार त्याच्या मनात त्या क्षणी खरोखर आला. व्यापारी आता वैद्याला बाहेरची वाट दाखवणार, एवढ्यात पाळण्यात बाळ रडू लागले. ते रडणे मोठे नव्हते. मोठ्याने रडण्याची शक्तीच त्याच्यात उरली नव्हती. मांजराच्या पिलासारखा तो आवाज घरभर फिरला आणि व्यापाऱ्याचे पाय जागच्या जागी थिजले.

"पुढच्या अमावास्येपर्यंत," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तोवर करून पाहू. गुण आला नाही, तर तुम्ही पुन्हा या घरात येऊ नका."

"आणि तोवर भिवा इथेच राहील," वैद्य म्हणाला. "औषधाचा अर्धा भाग तोच आहे."

परतताना जनार्दनाने विचारले, "गुरुजी, याचा अर्थ काय?"

"अर्थ पाळण्यात आहे. रोज जा आणि पाहा. या वेळी दोन्ही पोरांना पाहा."

जनार्दन रोज जाऊ लागला. पहिले काही दिवस आत्याबाई त्याच्याशी धड बोलत नसत. भिवाला आधी घेतले की त्या भिंतीकडे तोंड करून बसत आणि जपमाळ ओढत. बाळ प्यायला लागले की त्यांचे हात त्याला उचलायला शिवशिवत, मग त्या ते पदराखाली दडवत.

पुढे एके सकाळी त्यांनीच जनार्दनाला दारात गाठले. "रात्रभर झोपला," त्या म्हणाल्या. त्यांना हसू येत होते आणि रडूही. "शी पिवळी झाली आहे. फेस नाही, काही नाही." नंतरच्या दिवसांत बाळाच्या मनगटाला वळी पडली. मानेचा खड्डा भरला. एकदा तर त्याने जनार्दनाच्या शेंडीला हात घातला आणि सोडीनाच. बाळाचा बाप, जो इतके दिवस खोलीच्या बाहेर येत नव्हता, तो एके दिवशी उंबऱ्यात येऊन उभा राहिला आणि आपल्या मुलाकडे पाहत राहिला.

अमावास्या झाली. व्यापाऱ्याने वैद्याला मानाने बोलावले, पाटावर बसवले आणि पायांवर डोके ठेवले. "माझा वंश तुम्ही राखलात. आता एवढेच सांगा, हा क्रम आणखी किती दिवस ठेवायचा? मला विचाराल तर कायमचाच ठेवू. आधी भिवा, मग बाळ. उलट भिवाचे आणखी लवकर उरकू, म्हणजे उरलेले सगळे बाळाला मिळेल."

ज्या उष्ट्याने त्याचे नाक कापले जात होते, तेच उष्टे आता त्याला सगळेच्या सगळे हवे होते. तो हे भाबडेपणाने बोलला. आजोबाच तो. परंतु कोपऱ्यात बसलेला जनार्दन पुढे सरकला. वैद्य काही बोलण्याआधीच तो म्हणाला, "नको, शेठजी."

सर्वांनी त्याच्याकडे पाहिले. त्याचे कान लाल झाले होते, पण तो थांबला नाही.

"मी रोज येतो आहे. भिवा आता संध्याकाळी किरकिर करतो. पिऊन झाल्यावरही तोंडात बोट घालतो. मऊ भात खातो म्हणून ते दिसत नाही एवढेच. त्याच्या गालाची खळी गेली आहे. ठकूबाई काही बोलत नाहीत, बोलणारही नाहीत. गुरुजी, जो त्रास बाळाला होता, तोच आता आपण भिवाला देतो आहोत."

ठकू दाराआड होती. तिने पदर तोंडाला लावला.

वैद्याने शिष्याकडे पाहून मान डोलावली आणि मग तो व्यापाऱ्याला म्हणाला, "ऐका शेठजी. आईचे दूध एका रंगाचे दिसते, म्हणून ते एकसारखे असते असे आपण समजतो. तसे ते नसते. लेकरू लागते तेव्हा आधी येते ते पातळ, गोड, तहान भागवणारे. ते पीत राहिले की जसजसे अंग रिते होत जाते, तसतसा दुधात स्निग्धांश वाढत जातो. साय शेवटच्या घोटांत असते. आपले गवळीही शेवटच्या धारा वासराला सोडायला कां-कूं करतात, ते याचसाठी. तुम्ही बाळाला मानाने दोन्हीकडचे पहिले पाजलेत. त्याची तहान रोज भागली, भूक रोज राहिली. ठकूने काही चोरले नव्हते. साय तुम्हीच तुमच्या हाताने भिवाला देत होता आणि तिला चोर म्हणत होता."

आत्याबाईंच्या हातातली माळ थांबली.

"आणि बाई, जुने दूध म्हणजे निःसत्त्व, हेही खरे नव्हे," वैद्य त्यांना सौम्यपणे म्हणाला. "बाळंतिणीचा पहिला पिवळा चीक अमृतासारखा, पण त्याचे काम रक्षणाचे, त्यात स्निग्धता थोडीच. पुढे दूध उतरते तसतशी ती वाढत जाते. लेकरू वर्षाचे झाले, त्याहून मोठे झाले, तरी अंगावरच्या दुधातली साय आटत नाही, उलट बहुधा वाढतेच. आई थकते, दूध थोडे होते. पण ते हिणकस होत नाही."

"मग पहिल्याच दिवशी हे का सांगितले नाहीत?" व्यापाऱ्याने विचारले.

"सांगितले असते तर तुम्ही मानले असते? उरलेले म्हणजे हलके, हे तुमच्या मनात पक्के होते. ते मी वादाने काढू शकलो नसतो. शिवाय बाळ इतके वाळले होते की काही दिवस साय त्यालाच मिळणे भाग होते. भिवाने आपल्या वाटणीची ती दिली. त्याला विचारले कोणी नाही, पण दिली. आता क्रमाचे नाव काढू नका. आधी कोण, नंतर कोण, हा प्रश्नच चुकीचा होता. आईला दोन बाजू आहेत आणि लेकरे दोन आहेत. एक बाजू एकाची, दुसरी दुसऱ्याची. आज ही, उद्या ती. ज्याने त्याने आपल्या बाजूचा पहिला घोटही घ्यावा आणि शेवटचाही. पोट भरले की ते आपण होऊन सोडील. रांगेतली जागा बदलल्याने न्याय होत नाही, शेठजी. ज्याला त्याला पुरते मिळू दिले की होतो."

व्यापारी खाली मान घालून ऐकत होता. मग तो उठला, दाराशी गेला आणि म्हणाला, "ठकू, मी तुझ्या पोराला तुझ्यापासून तोडणार होतो." ठकूने नुसते हात जोडले. आत्याबाई आत गेल्या आणि ठकूसाठी ताटात गरम भाकरी आणि तूप घेऊन आल्या. ते ताट त्यांनी तिच्यापुढे स्वतःच्या हाताने ठेवले.

वैद्य गाडीत जाऊन बसला, पण जनार्दन मागे रेंगाळला. आपण सहज उच्चारलेल्या एका वाक्याने केवढे काय मोडू शकले असते, हे त्याला आता पुरते उमगले होते. थोड्या वेळाने धीर करून तो माजघराच्या दारापाशी गेला आणि पाठ करून उभा राहिला. आत ठकू बसली होती. दोन्ही लेकरे तिच्या मांडीवर होती, एक इकडे, एक तिकडे.

"ठकूबाई," तो म्हणाला, "त्या दिवशी मी जे बोललो, ते न पाहता, न विचारता बोललो. तुम्ही खरे सांगत होता. मला क्षमा..."

"महाराज," आतून अगदी दबका आवाज आला, "जरा हळू बोला. दोघं बी पितायत."

जनार्दन बोलायचा थांबला आणि पाऊल न वाजवता तिथेच उभा राहिला, दोघांचेही पिऊन होईपर्यंत.